नऊ चौकटींचा तक्ता भरला. त्यातून उपाय कसा काढावा?

प्रश्न : शिरोलीकर_गुणवत्ता

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फौंड्रीत मी गुणवत्ता विभागाचे काम पाहतो. आमच्याकडे ग्रे आयर्नचे (ओतीव लोखंडाचे) जॉब, म्हणजे ओतीव भाग, ग्रीन सँडच्या, म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोल डस्ट आणि पाणी यांच्या मिश्रणाच्या साच्यात ओतले जातात. त्यांपैकी एका गिअरबॉक्स हाउसिंगने आम्हाला अक्षरशः जेरीस आणले आहे. फेटलिंग (चिकटलेली वाळू आणि जादा धातू काढून साफसफाई) होऊन जॉब बाहेर पडतो तेव्हा वरून अगदी स्वच्छ दिसतो. परंतु ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये बोअरचा, म्हणजे आतल्या गोल पोकळीचा, पहिला कट घेतला की कातडीखाली दोन-तीन मिलिमीटरवर गुळगुळीत, चकचकीत छिद्रे उघडी पडतात, आणि तोवर त्या जॉबवर आमचा व त्यांचा दोघांचाही खर्च होऊन गेलेला असतो. उन्हाळ्यात हे प्रमाण सोसण्याजोगे असते. पावसाळ्यात ते हाताबाहेर जाते.

वाळूतील पाणी कमी करून पाहिले, तर साच्याच्या कडा ढासळू लागल्या आणि छिद्रांच्या जोडीला वाळूचे दोष आले. ओतण्याचे तापमान वाढवले, तर छिद्रे किंचित कमी झाली, पण वाळू जॉबला भाजून चिकटू लागली आणि फेटलिंगवाल्यांची ओरड सुरू झाली.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात ट्रिझ या समस्या सोडवण्याच्या पद्धतीतील नऊ चौकटींचा तक्ता शिकवण्यात आला. उभ्या दिशेने उपप्रणाली (वस्तूचे भाग), प्रणाली (ती वस्तू) आणि महाप्रणाली (ती ज्याचा भाग आहे ते भोवतालचे सारे). आडव्या दिशेने भूतकाळ, वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ. आम्ही तो निष्ठेने भरला. भूतकाळात ‘हाताने मोल्डिंग’ लिहिले, भविष्यकाळात ‘थ्री-डी प्रिंटिंगचे साचे’ लिहिले, आणि महाप्रणालीत ‘कंपनी, ग्राहक, बाजारपेठ’ लिहून मोकळे झालो. तक्ता रंगीत छापून भिंतीवर लावला आहे, ऑडिटला येणारे त्याचे कौतुकही करतात. छिद्रे मात्र जिथल्या तिथे आहेत.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. भूतकाळ म्हणजे नेमके किती मागे जायचे? महाप्रणाली कुठवर वर न्यायची? आणि चौकटी भरून झाल्यावर पुढे काय करायचे, की भरणे हेच काम आहे?


उत्तर : बर्गे_आणि_पाणी

आपला प्रश्न रास्त आहे, कारण हा तक्ता बहुतेक ठिकाणी फॉर्म भरावा तसाच भरला जातो. तो मुळात फॉर्म नव्हता. ट्रिझचे जनक गेनरिख आल्टशुलर हे बाकू येथे सोव्हिएत नौदलाच्या सेवेत असताना इतरांचे शोध तपासण्याचे काम करीत असत, आणि निरनिराळ्या क्षेत्रांतील शोधांमध्ये त्याच त्या प्रकारचे विरोध, म्हणजे एक साधायला जावे तर दुसरे बिघडते असे पेच, सोडवलेले दिसतात हे त्यांच्या ध्यानात आले. राफाएल शापिरो यांच्यासह त्यांचा पहिला लेख १९५६ साली मानसशास्त्राच्या एका सोव्हिएत नियतकालिकात आला. नऊ पडद्यांची मांडणी, म्हणजे आपला हाच नऊ चौकटींचा तक्ता, ही पुढच्या काळातली. झाडाविषयी प्रश्न आला तर सामान्य माणसाला फक्त झाड दिसते. कल्पक माणसाला त्याच वेळी पान आणि वनही दिसते, आणि त्या तिन्हींचा काल व उद्याही दिसतो, एवढेच ती मांडणी सांगते. विचार करतानाची नजर कशी फिरावी याचे ते वर्णन आहे.

मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढले, त्यामुळे उदाहरण पाण्याचेच देतो, आणि सुदैवाने ते आपल्या जिल्ह्याच्याच नावाचे आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यापुढचा पेच असा होता, की नदीत आडवी भिंत हवीही होती आणि नकोही होती. पावसाळा संपल्यावर पाणी अडवायला ती हवी. पण पावसाळ्यात तीच भिंत पुराला अडवते, फुगवटा वाढवते, वरच्या अंगाला गाळ साठवते आणि शेवटी काठ फोडून नदी बाजूने वाट काढते. फक्त मधली चौकट, म्हणजे ‘आजची भिंत’, पाहणारा माणूस ती अधिक उंच करील, अधिक जाड करील, नाही तर तिला मोठे लोखंडी दरवाजे आणि ते उचलायला यंत्र बसवील. एकदा वरच्या ओळीत जाऊन नदीकडे पाहावे आणि काळ वर्षभराचा धरावा, म्हणजे दिसते की नदी स्वतःच आपले वर्ष दोन भागांत वाटून देते: चार महिने गढूळ आणि भरपूर, उरलेले महिने नितळ आणि थोडे. मग भिंतीनेही तसेच वाटले जावे. उत्तर मात्र खालच्या ओळीत सापडले. दगडी खांब कायमचे ठेवायचे, त्यांना उभ्या खाचा पाडायच्या, आणि मधल्या गाळ्यात माणसांना हाताळता येतील असे बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवायचे. जुन्या बंधाऱ्यांत तर बर्ग्यांच्या दोन ओळी घालून मध्ये माती भरीत. पावसाळ्याआधी बर्गे काढले की बंधारा जवळजवळ नाहीसा होतो, पूर गाळासकट निघून जातो. पाऊस सरला की बर्गे घातले जातात आणि बंधारा पुन्हा उभा राहतो.

हे उदाहरण मला विशेष वाटते ते यासाठी, की कारण महाप्रणालीत दिसले, बदल उपप्रणालीत झाला, आणि दोहोंना जोडणारा दुवा काळाच्या आडव्या ओळीत होता. मधल्या चौकटीत बसून यातले काहीच सुचले नसते.

आता आपले प्रश्न. भूतकाळ किती मागे न्यावा, हे अडचणीच्या स्वतःच्या चक्रावरून ठरते. बंधाऱ्याचे चक्र एका वर्षाचे. आपल्या छिद्राचे चक्र कोअर (जॉबमधील पोकळी घडवण्यासाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) तयार होण्यापासून बोअर कापला जाईपर्यंतचे. त्यात हाताच्या मोल्डिंगचा इतिहास येत नाही आणि थ्री-डी प्रिंटिंगही येत नाही. प्रत्येक तासाला या साच्याचे काय होत होते, हा आपला भूतकाळ आहे. महाप्रणालीतही तेवढेच घ्यावे, जे त्या अवधीत साच्याला प्रत्यक्ष शिवते किंवा त्याला काही करायला भाग पाडते. बाजारपेठ शिवत नाही. हवेतला दमटपणा शिवतो. भट्टीचे वेळापत्रक भाग पाडते.

भविष्याची चौकट सजावटीची समजू नये, एवढे आणखी सांगतो. बर्ग्यांची पद्धत झाली, तसे तिच्या उजव्या चौकटीत नवे त्रास आले: बर्ग्यांमधून गळती, बर्ग्यांची चोरी, आणि अवकाळी पाऊस झाला तर घातलेले बर्गे काढायला न मिळणारी सवड. त्यातला शेवटचा त्रास राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांना नाही. तिथे पाणी ठरावीक पातळीला आले की त्याच्याच दाबाने दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. ज्याचा धोका, त्याच्याकडूनच काम करून घेतले आहे. आपल्या कारखान्यात असे कोणते ‘पाणी’ फुकट उपलब्ध आहे, हे फौंड्रीतल्या जाणकारांनी सांगावे. तो माझा प्रांत नाही.


उत्तर : उद्यमनगर_ओतारी

वरील उत्तराला जोडून लिहितो. तक्ता बाजूला ठेवून आधी जॉबकडे पाहू. छिद्रे बोअरमध्ये आहेत, असे आपण म्हणता. बोअरची कातडी आपल्या साच्याच्या ग्रीन सँडला शिवतच नाही. ती शिवते कोअरला. गुळगुळीत आणि चकचकीत छिद्र म्हणजे लोखंड पातळ असतानाच वायूचा बुडबुडा आत शिरला आणि कातडी धरल्यामुळे त्याला बाहेर पडता आले नाही. जॉब ओतताना ज्या स्थितीत होता त्या स्थितीत तो डोळ्यांपुढे आणा आणि छिद्रे बोअरच्या वरच्या अंगाला जास्त आहेत का ते पाहा. तसे असेल तर कोअरवरील संशय बळावतो, आणि ग्रीन सँडमधले पाणी कमी केल्याने कडा ढासळण्यापलीकडे काही पदरात पडले नाही यात नवल राहत नाही.

खालच्या ओळीत म्हणूनच कोअर, त्याचे बाइंडर (वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ), त्यावरचा वॉश (वरून लावायचा लेप) आणि त्याच्या वेंटचे (वायू बाहेर जाण्याच्या वाटेचे) भोक एवढेच लिहावे. बाइंडर गरजेपेक्षा जास्त असेल तर वायू जास्त. वॉश पाण्यातला असेल आणि ओव्हनमध्ये पुरता वाळला नसेल तर वायू जास्त. वेंट कोअर प्रिंटपर्यंत (कोअर साच्यात टेकतो त्या टोकापर्यंत) आणि तिथून साच्याबाहेर मोकळा नसेल, तर झालेल्या वायूला लोखंडात शिरण्याखेरीज वाट नाही. हे तिन्ही दोष आपल्याकडे असतील किंवा नसतील; पण ते जूनमध्ये अचानक सुरू होत नाहीत. पावसाळ्याबरोबर वाढणारा दोष काळाच्या ओळीत शोधावा लागतो.

ती ओळ मी अशी भरीन. कोअर निघाला, मग रॅकवर पडून राहिला, कुठे, किती वेळ, आणि कोणत्या भिंतीला लागून? कोल्हापूरच्या जुलैत शेडमध्ये उघडा ठेवलेला कोल्ड बॉक्स (न तापवता घट्ट केलेला) कोअर हवेतील ओल धरतो. त्यानंतर तो साच्यात बसला आणि साचा बंद झाला. इथे बहुतेकांची नजर हटते, कारण बंद साचा म्हणजे झालेले काम, अशी आपली समजूत असते. आत मात्र घडामोड चालूच असते. नॉकआउटमधून (साचा फोडून जॉब काढतात तिथून) परत आलेली वाळू पुरती थंड न होता पुन्हा वापरली गेली असेल, तर साचा कोमट असतो, त्यातील पाण्याची वाफ होत राहते, आणि ती वाफ आतल्या सर्वांत थंड वस्तूवर जाऊन बसते. ती वस्तू म्हणजे कोअर. साचा जितका वेळ ओतण्याची वाट पाहत राहील, तितके हे वाढते. फौंड्रीतल्या जुन्या माणसांना ही गोष्ट नवी नाही, पण ती सहसा कागदावर येत नाही.

आता वरच्या ओळीत चढावे आणि विचारावे, की साचा वाट का पाहतो? विजेचा दर वेळेप्रमाणे बदलतो, म्हणून इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) स्वस्त तासांत चालवायची. मोल्डिंगच्या माणसांची पाळी मात्र दिवसाची, आणि त्यांचे काम किती बॉक्स (साच्याच्या पेट्या) बंद झाले यावरून मोजले जाते. म्हणजे कोणीही चुकीचे वागत नाही, आणि साचा तासन्‌तास कोंडून राहतो. माझ्या अंदाजाने आपल्या छिद्राचे मूळ वाळूत नसून या दोन वेळापत्रकांच्या मधल्या फटीत आहे.

यातून विरोध नीट मांडता येतो. साचा लवकर तयार व्हावा, कारण माणसे दिवसाची आहेत. आणि साचा उशिरा बंद व्हावा, कारण कोअर कोरडा राहायला हवा. तयार होणे आणि बंद होणे या दोन क्रिया वेगळ्या केल्या की विरोध उरत नाही: दिवसा वरचा व खालचा बॉक्स करून ठेवावा, आणि कोअर बसवून साचा बंद करण्याचे काम भट्टीच्या पाळीतल्या माणसांकडे द्यावे. याने मोजणीची पद्धत बदलावी लागेल, हे उघड आहे, आणि खरी अडचण तिथेच येईल. उघड्या साच्यात धूळ पडू नये आणि कडा सुकू नयेत याचीही व्यवस्था हवी.

वरच्या साहेबांनी विचारलेले फुकटचे ‘पाणी’ म्हणजे आपल्याकडची उष्णता. नॉकआउटपाशी ती इतकी आहे, की वाळू थंड होत नाही म्हणून आपण रडतो. आणि कोअर रॅकपाशी ती नाही म्हणून कोअर ओले होतात. एकाच छताखाली एका टोकाला ऊब नकोशी आणि दुसऱ्या टोकाला हवीशी. कोअर रॅक पावसाच्या बाजूच्या भिंतीपासून काढून बंदिस्त, कोमट जागेत नेणे हा त्यातला सर्वांत स्वस्त बदल ठरेल. फार ऊब मात्र नको, कारण बाइंडर कमजोर होते. कोरडेपणा हवा, भाजणे नको.


उत्तर : गुऱ्हाळघर

मी फौंड्रीतला नाही, माझे गुऱ्हाळ आहे. पण या पद्धतीविषयी एक शंका मांडल्यावाचून राहवत नाही. वरचे विश्लेषण उत्तम आहे, परंतु त्याचे श्रेय तक्त्याला किती आणि ओताऱ्यांच्या अनुभवाला किती? माशाच्या काट्याची आकृती (दोषाची कारणे काट्यांसारखी फाटे फोडून मांडणारा आराखडा) काढली असती तरी दमट हवा आणि थांबलेला साचा ही कारणे निघालीच असती.

दुसरे असे, की वरच्या ओळीत चढणे मोहाचे असते. आमच्याकडे गुळाच्या रंगाचा प्रश्न आहे. सौद्यात पिवळाधमक रंग विकला जातो, म्हणून काहिलीत हायड्रॉस (रंग उजळवणारे रसायन) टाकण्याचा मोह होतो. महाप्रणालीत जाऊन पाहिले तर दोष बाजाराच्या आवडीत आहे, हे निदान बरोबर. पण ती आवड मी एका हंगामात बदलू शकत नाही. खालच्या ओळीत माझ्या गुळव्याच्या हातात रानभेंडीचा चिकट रस, चुन्याचे माप, मळी काढण्याची वेळ आणि चुलवणाचा जाळ एवढे आहे. त्याने रंग सुधारतो, पण एका मर्यादेपर्यंतच. मला खरा वाव मिळाला तो डावीकडे, म्हणजे शेतात: खारवट जमिनीतला ऊस गुळाला घ्यायचा नाही, जात गुळाला योग्य अशी निवडायची, आणि तोडलेला ऊस शिळा होऊ द्यायचा नाही. इथल्या ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्लाही याच दिशेचा असतो. त्याचा परिणाम मात्र पुढच्या गळितात दिसतो, या आठवड्यातल्या आधणात नाही.

म्हणून प्रत्येक चौकटीत काय आहे, याच्या खाली दोन गोष्टी लिहायला हव्यात: तिथे हात कोणाचा पोहोचतो, आणि बदल केल्यास फळ कधी दिसते. हे लिहिले नाही तर विद्वत्ता वरच्या ओळीत राहते आणि गूळ काळाच निघतो.


उत्तर : बर्गे_आणि_पाणी

गुऱ्हाळवाल्यांची सूचना मी माझ्या तक्त्यात घेणार आहे. काट्याच्या आकृतीविषयी मात्र थोडे वेगळे मत आहे. ती आकृती एका दोषाची कारणे एका डोक्याशी आणून जोडते, आणि त्यासाठी ती चांगलीच आहे. पण दोषाचे कारण जिथे आहे तिथेच उपाय करावा, असे ती न सांगता सुचवते. बंधाऱ्याच्या बाबतीत कारण नदीत होते. नदी कोण बदलणार? उपाय फळीत निघाला. कारणाची जागा आणि उपायाची जागा वेगळी असू शकते, हे दाखवायला दोन दिशांचा तक्ता लागतो.


प्रश्नकर्ता : शिरोलीकर_गुणवत्ता

सर्वांचे मनापासून आभार. कालच ग्राहकाकडून परत आलेले जॉब ओतण्याच्या स्थितीत ठेवून पाहिले. छिद्रे बोअरच्या वरच्या अंगालाच आहेत. मोल्डिंग दुपारपर्यंत आटोपते आणि आमच्या हीट (भट्टीतून एका वेळी वितळवलेले लोखंड) बहुतांशी रात्री निघतात, हाही अंदाज बरोबर ठरला. कोअरचा रॅक पश्चिमेच्या पत्र्याला लागून आहे आणि पावसाची झड तिथेच येते.

कोअर बसवण्याचे काम रात्रीच्या पाळीकडे देण्याचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे न्यायचा, तर हातात काही पुरावा हवा. पूर्ण पाळी न बदलता तो कसा मिळवावा?


उत्तर : उद्यमनगर_ओतारी

एकाच हीटमध्ये, एकाच लॅडलमधून (वितळलेले लोखंड ओतण्याच्या पात्रातून) ओतले जाणारे काही बॉक्स निवडा. निम्म्यांत कोअर नेहमीप्रमाणे दुपारी बसवा, निम्म्यांत ओतण्याच्या थोडे आधी, आणि हे दुसरे कोअर तोवर ओव्हनजवळच्या कोरड्या जागेत ठेवा. प्रत्येक बॉक्सवर बंद केल्याची वेळ खडूने लिहा, ओतण्याची वेळ वहीत नोंदवा, आणि कोणता जॉब कोणत्या बॉक्सचा हे नॉकआउटनंतरही कळावे म्हणून कोअरवरच अंक कोरा, म्हणजे तो ओतलेल्या जॉबवर उठेल. हे जॉब ग्राहकाकडे पाठवू नका. बोअरचा पहिला कट आपल्याच टूल रूममध्ये किंवा जवळच्या जॉब शॉपमध्ये घ्या. नाही तर निकाल यायला महिना जाईल आणि तोवर पाऊस संपलेला असेल.

दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. कोअर बॉक्समधून, म्हणजे कोअर घडवण्याच्या साच्यातून, निघाल्यावर कोअर तोला, आणि बसवण्याच्या क्षणी तोच कोअर पुन्हा तोला. वाढलेले वजन म्हणजे धरलेली ओल. काही कोअर वॉश लावलेले आणि काही न लावलेले घ्या. वॉश लावलेल्यांचे वजन वॉशच्या आधी, ओव्हनमधून निघाल्यावर आणि बसवताना असे तीनदा करा, म्हणजे ओव्हनमध्ये न वाळलेले पाणी आणि रॅकवर हवेतून आलेले पाणी वेगवेगळे दिसेल. पहिल्याचा दोष निघाला तर पाळी बदलण्याची गरजच नाही, ओव्हनचा वेळ वाढवून भागेल; दुसऱ्याचा निघाला तर आधी रॅक हलवा आणि पाळीचा प्रस्ताव त्यानंतर न्या.